इंग्रजी विषयातल्या पदवीचे पैशातले मोल

इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन बी.ए. केल्यावर हातात पैसे किती येतात, हा प्रश्न महाराष्ट्रात बारावीच्या निकालानंतर घरोघरी निघतो. त्याची उत्तरे टोकाची मिळतात. कुणी सांगतो की इंग्रजीवाल्याला मरण नाही. कुणी सांगतो की आर्ट्सला जाऊन कुणाचे भले झाले आहे? दोन्ही उत्तरांत एकच गफलत असते. इंग्रजी येणे, इंग्रजी माध्यमातून शिकलेले असणे आणि इंग्रजी भाषा-साहित्यात पदवी असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात भाव मुख्यतः पहिल्या गोष्टीला मिळतो. तिसरी गोष्ट म्हणजे पदवी. तिच्या जोडीला पहिली असेल तरच तिचे पैसे होतात, आणि ती जोडी प्रत्येक पदवीधराकडे असतेच असे नाही.

या पदवीचा दबदबा कुठून आला, हे पाहण्यासाठी १८४४ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंग यांच्या सरकारने ठराव केला की सरकारी नोकऱ्या देताना इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावे. इंग्रजी शिक्षण आणि पगार यांची सरकारी गाठ तिथे बांधली गेली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. त्या काळी सारे उच्च शिक्षणच इंग्रजीतून होते. पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि कचेऱ्या, न्यायालये, शाळा यांना माणसे हवी असलेली, त्यामुळे पदवी म्हणजे पोटापाण्याची हमी असा समज रुजला. इंग्रजी साहित्य हा विषय हिंदुस्थानातल्या महाविद्यालयांत शिकवला जात होता तेव्हा खुद्द ऑक्सफर्डमध्ये त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झालेला नव्हता. तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आला, आणि केंब्रिजमध्ये तर १९१७ मध्ये. इंग्रजीचे राज्यकर्त्यांशी असलेले नाते आणि पदवीधरांची टंचाई यांतून जो भाव तयार झाला होता, त्यातली टंचाई आता उरलेली नाही. आज तालुक्याच्या गावीसुद्धा कला महाविद्यालय आहे आणि तिथे बहुधा इंग्रजीचा विभागही आहे. आठवण मात्र जुन्या भावाचीच राहिली आहे.

इंग्रजी येण्याला भारतात किती भाव आहे, याचे मोजमाप अर्थशास्त्रज्ञांनी केले आहे. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी २००५ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणातली आकडेवारी तपासली. इंग्रजी अस्खलित बोलू शकणाऱ्या पुरुषांची तासाची मजुरी, तेवढेच शिकलेल्या पण इंग्रजी न बोलणाऱ्या पुरुषांपेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त निघाली. जेमतेम बोलणाऱ्यांच्या पदरात १३ टक्के जास्त पडत होते. याच अभ्यासातली दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. हा फायदा जास्त शिकलेल्यांना आणि वयाने मोठ्या कामगारांना भरपूर मिळत होता. कमी शिकलेल्या तरुणांना फारच थोडा. म्हणजे इंग्रजी एकटे उभे राहत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी शिक्षणाच्या किंवा कौशल्याच्या जोडीने ते पगार वाढवते.

दुसरा अभ्यास तर आपल्या दादरचाच आहे. कैवान मुंशी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांत मुले शिकत असलेल्या हजारो मराठी कुटुंबांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८० च्या दशकात मराठी आणि इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांच्या मिळकतीत जो फरक होता, तो १९९० नंतर, उदारीकरणाच्या काळात, वाढला. कष्टकरी जातींतल्या मुलग्यांना गिरणी, गोदी, कारखाना इथली कामे जातभाईंच्या ओळखीने मिळत आली होती, म्हणून ते मराठी शाळांतच जास्त राहिले. त्यांच्या बहिणींना अशी वाट कुणी ठेवलेली नव्हती. त्या मुली भावांपेक्षा वेगाने इंग्रजी शाळांकडे वळल्या. इंग्रजीचे मोल हे तुमच्यापुढे दुसरे कोणते दार उघडे आहे यावरही ठरते, हे या अभ्यासातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

हे दोन्ही अभ्यास भाषेचे आहेत, पदवीचे नाहीत. पदवीकडे वळताना आधी खर्च धरावा लागतो. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेची वर्षाची फी काही हजारांत भागते, आणि राखीव प्रवर्गांतल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती किंवा फीमाफी मिळते. म्हणून ही पदवी स्वस्त समजली जाते. खरा खर्च मात्र फीचा नसतो, न मिळालेल्या पगाराचा असतो. समजा, बारावी झालेल्या मुलाला दुकानात किंवा गोदामात महिन्याला १२,००० रुपयांचे काम मिळाले असते. तीन वर्षांचे ३६ महिने, म्हणजे ४ लाख ३२ हजार रुपये. पदवीनंतर त्याला त्याच्या बारावीवाल्या मित्रापेक्षा महिना ५,००० रुपये जास्त मिळू लागले, तर ही रक्कम भरून यायला ८६ महिने, सात वर्षांहून अधिक काळ लागतो. मित्राचा पगारही मधल्या काळात वाढलेला असतो, ते वेगळेच. बाहेरगावी खोली घेऊन राहणाऱ्याने त्यात भाडे मिळवावे. एम.ए. केले तर आणखी दोन वर्षे. या हिशेबातून पदवी घेऊ नये असे निघत नाही. पदवीनंतर महिना किती जास्त मिळणार, हा एकच आकडा सारे ठरवतो, एवढे निघते. आणि तो आकडा वाटेवाटेने फार बदलतो.

सगळ्यात रुळलेली वाट शिक्षकाची. बी.ए. तीन वर्षे, मग बी.एड. (२०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला), पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागण्याची वाट पाहणे. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. शिक्षण सेवकाचे मानधन कित्येक वर्षे माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये एवढेच होते. २०२३ पासून ते अनुक्रमे १८,००० आणि २०,००० झाले. अठराव्या वर्षी बी.ए.ला प्रवेश घेतलेली मुलगी सारे वेळेवर जमले तरी पूर्ण वेतनश्रेणीत येईपर्यंत सव्विसाव्या वर्षाच्या पुढे जाते, आणि भरती चार-पाच वर्षे रखडण्याचा अनुभव राज्यात नवा नाही. त्यानंतर मात्र चित्र पालटते. वेतन आयोगाचा पगार, दर वर्षी वेतनवाढ, महागाई भत्ता आणि निवृत्तीपर्यंतची निश्चिती हे सगळे मिळते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नसले तरी लहान गावात या पगाराइतकी स्थिर मिळकत दुसऱ्या फार थोड्या कामांत आहे. इंग्रजीच्या शिक्षकाची एक बाजू इतर भाषाविषयांपेक्षा भक्कम आहे. राज्य मंडळात इंग्रजी बारावीपर्यंत सक्तीचे असल्याने कुठल्याही शाखेच्या, कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाला हा शिक्षक लागतोच. खासगी, स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांत नोकरी लवकर मिळते. पगार मात्र संस्था देईल तो, आणि उन्हाळ्याच्या सुटीत तोही कापला जाण्याची भीती.

वरिष्ठ महाविद्यालयातल्या प्राध्यापकीत या पदवीची सर्वांत मोठी कमाई आहे आणि सर्वांत मोठी फसगतही. एम.ए. नंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला उमेदवार सहायक प्राध्यापक होऊ शकतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. सातव्या वेतन आयोगात या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. महागाई भत्ता आणि घरभाडे त्यावर वेगळे. नेटमध्ये वरच्या गुणांनी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना महिना ३७,००० रुपये मिळतात. २०२३ च्या सुरुवातीपासून हा दर आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला शिकता शिकता मिळणारी एवढी रक्कम दुसरीकडे नाही.

पण या पदापर्यंत पोहोचणारे थोडे. अनुदानित महाविद्यालयांतल्या जागा निवृत्तीने रिकाम्या होतात आणि वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. त्या जागांवर तासिका तत्त्वावर, बोलीभाषेत सीएचबीवर, माणसे नेमली जातात. पदवी वर्गाच्या तासिकेचा सरकारी दर गेल्या काही वर्षांत वाढून नऊशे रुपयांच्या आसपास आला. आठवड्याला नऊ तासिका मिळाल्या असे धरले, तर आठवड्याचे ८,१०० रुपये, महिन्याचे साधारण ३२,००० होतात. पण हे भरलेल्या महिन्याचे गणित झाले. दिवाळी, परीक्षा, उन्हाळा यांत तासिका नाहीत म्हणून पैसेही नाहीत. सत्र उशिरा सुरू झाले की नेमणूक उशिरा. बिल वरच्या कार्यालयात अडकले की सहा-सहा महिन्यांचे मानधन एकदम येते. तीच सेट, तीच पीएच.डी., तोच वर्ग, तीच कविता शिकवायची. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या कायम प्राध्यापकाच्या तुलनेत वर्षाची मिळकत मात्र पाव हिश्शाच्याही आत. वयाच्या चाळिशीपर्यंत असे काढलेले प्राध्यापक मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. कायम जागा निघाली की काही संस्थांमध्ये लाखोंची मागणी होते, ही उघड चर्चा आहे. अशी रक्कम देऊन मिळालेल्या नोकरीचा पहिला काही वर्षांचा पगार कर्ज फेडण्यातच जातो, आणि जो देऊ शकत नाही तो गुणवत्तेत पुढे असूनही मागे राहतो. पदवीचे मोल काढताना हा अन्याय बाजूला ठेवता येत नाही, कारण प्राध्यापकीच्या वाटेवर पगाराचा आकडा त्यानेच ठरतो.

पदवीचा विषय न विचारता फक्त पदवी मागणाऱ्या नोकऱ्या ही तिसरी वाट, आणि इंग्रजीच्या विद्यार्थ्याला ती समजते त्याहून जवळची आहे. बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदासाठी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. पूर्वपरीक्षेतले १०० पैकी ३० गुण इंग्रजीचे असतात. मुख्य परीक्षेत इंग्रजीत वर्णनात्मक लेखनही येते. या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन बँकांच्या २०२४ च्या वेतन करारानंतर ४८,४८० रुपये आहे. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्या तयारीला लागलेली बी.कॉम. आणि बी.एस्सी.ची बरीच मुले इंग्रजीच्या भागातच अडखळतात, तर इंग्रजीवाल्यांचे घोडे गणितात अडते. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून रोज तासभर अंकगणित केले तर ही वाट खुली राहते; टी.वाय.नंतर एकदम सुरू केले तर दोन-तीन वर्षे त्यातच जातात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो. पण त्या परीक्षेत निवड होणारे मूठभर असतात, म्हणून पदवीच्या मोलाच्या हिशेबात ती धरणे योग्य नाही. पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल.बी. आणि व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षा इथेही वाचून पटकन आकलन होण्याला गुण आहेत.

चौथ्या वाटेवर भाषा हेच कामाचे हत्यार असते: लेखन, संपादन, अनुवाद. इथे इंग्रजीची पदवी थेट उपयोगी पडते आणि इथेच तिच्याविषयी सगळ्यात कमी माहिती असते.

पुण्याच्या हिंजवडी, खराडी भागातल्या सॉफ्टवेअर आणि यंत्रनिर्मिती कंपन्यांत टेक्निकल रायटर नावाचे पद असते. उत्पादन वापरणाऱ्यासाठी सूचना लिहिणे हे त्याचे काम. वरवर सोपे वाटते. एका वाक्यात एकच कृती सांगायची. पडद्यावरच्या बटणावर जे नाव आहे तेच अक्षरशः लिहायचे. धोक्याची सूचना कृतीच्या आधी द्यायची, नंतर नाही. 'हे' आणि 'ते' कशाबद्दल आहे याचा संशय उरता कामा नये. आणि भाषांतर होणार असल्याने वाक्य असे हवे की जर्मन किंवा जपानी अनुवादकाला दुसरा अर्थ निघणारच नाही. ज्या विद्यार्थ्याने व्याकरण आणि वाक्यरचना मनापासून शिकल्या, त्याला हे जमते. अभियंत्यांना यंत्र कळते पण लिहिणे जड जाते, म्हणून या जागेवर साहित्याचे पदवीधर टिकतात. सहा महिने-वर्षाचा अभ्यासक्रम आणि एक-दोन संगणकी साधने शिकून घेतलेली मात्र हवीत. परदेशी शोधनिबंधांचे इंग्रजी संपादन हे दुसरे क्षेत्र. मुंबईत २००२ मध्ये सुरू झालेली कॅक्टस कम्युनिकेशन्स ही कंपनी यातूनच मोठी झाली. जपान, कोरिया, चीनमधले संशोधक आपले लेख इथल्या संपादकांकडून तपासून घेतात.

अनुवादाचे काम तर मराठी मुलांनी हक्काने करावे असे आहे, कारण त्यात स्पर्धा देशभराची नाही. राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते आणि खालच्या न्यायालयांतले कागद मराठीत असतात. जमिनीचा दावा अपिलात गेला की सातबारा, फेरफार, खरेदीखत, तलाठ्याचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब, पंचनामा हे सारे इंग्रजीत करून जोडावे लागते. हे काम दिल्लीचा किंवा चेन्नईचा अनुवादक करू शकत नाही. ज्याला शेताचा बांध, पोटहिस्सा, वहिवाट म्हणजे काय ते ठाऊक आहे आणि शिवाय कायद्याचे इंग्रजी येते, त्यालाच ते जमते. असे लोक थोडे आहेत आणि वकिलांना ते सतत हवे असतात. न्यायालये स्वतःही अनुवादक आणि दुभाष्यांची पदे भरतात. केंद्र सरकारच्या कार्यालयांत कनिष्ठ अनुवाद अधिकारी हे पद आहे. त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये. त्यासाठी सहसा इंग्रजी किंवा हिंदीची एम.ए. लागते, आणि पदवीला दुसरी भाषा विषय म्हणून घेतलेली असावी लागते किंवा ती शिक्षणाचे माध्यम असावी लागते. एस.वाय.ला विषय निवडताना ही अट माहीत नसल्याने हिंदी सोडून दिलेली, आणि म्हणून पुढे या परीक्षेला बसू न शकणारी मुले पुष्कळ आहेत. विषय निवडीच्या अर्जावरची एक खूण पुढे अशी महाग पडते.

कॉल सेंटर आणि ग्राहकसेवेच्या नोकऱ्यांत इंग्रजी पदवीधराला सुरुवातीला इतरांपेक्षा सहज प्रवेश मिळतो, पण पदवीमुळे पगार फारसा वाढत नाही. तिथे उच्चार आणि रात्रपाळीची तयारी बघतात. स्पोकन इंग्लिशचे वर्ग आणि आयईएलटीएसची शिकवणी यांतली कमाई गावावर आणि शिकवणाऱ्याच्या नावावर अवलंबून असते.

एवढ्या वाटा असूनही बहुसंख्य इंग्रजी पदवीधरांना त्यांतली एकही का सापडत नाही, याचे कारण वर्गातच आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी एफ.वाय.ला इंग्रजी घेतो, समोर शेक्सपिअर आणि समीक्षेचे सिद्धान्त येतात, आणि मूळ पुस्तक न उघडता तो बाजारातल्या गाइडवर परीक्षा काढतो. दहा गुणांच्या प्रश्नाचे तयार उत्तर पाठ, टिपा पाठ, कवितेचा आशय पाठ. तीन वर्षांत स्वतःचे असे एक पानही इंग्रजीत न लिहिता स्पेशल इंग्लिशमध्ये प्रथम वर्ग मिळतो. मग नोकरीच्या चाचणीत तक्रार करणाऱ्या ग्राहकाला पंचवीस ओळींचे उत्तर लिहायला सांगितले की पेन थांबते. दोष विद्यार्थ्याच्या माथी मारून भागणार नाही. शंभर-सव्वाशेच्या वर्गात, सीएचबीवरच्या प्राध्यापकाने प्रत्येकाचा निबंध तपासून परत द्यावा अशी अपेक्षा ठेवणेच अवघड आहे. पण त्याची किंमत विद्यार्थीच मोजतो.

अर्थशास्त्रात या परिस्थितीला दोन जुने सिद्धान्त लागू पडतात. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडले की शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक आहे. अंगी आलेले कौशल्य पगार वाढवते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले की पदवी मालकाला एक खूणही देते. उमेदवार आतून कसा आहे हे मालकाला दिसत नाही, म्हणून तो प्रमाणपत्रावरून अंदाज बांधतो. या कामासाठी स्पेन्स यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. इंग्रजीची पदवी पूर्वी अंगच्या इंग्रजीची खात्रीची खूण होती. पाठांतरावर पदवी मिळू लागली तशी ती खूण पुसट झाली, आणि मालक आता पदवीऐवजी महाविद्यालयाचे नाव पाहतात किंवा स्वतःची चाचणी घेतात. त्यामुळे मुंबईच्या नामांकित महाविद्यालयातली बी.ए. आणि आडगावच्या महाविद्यालयातली बी.ए. यांवर विद्यापीठाचा शिक्का एकच असला तरी बाजारात त्या एका भावाने जात नाहीत. आडगावच्या हुशार मुलीचे त्यात सर्वांत जास्त नुकसान होते. तिच्यापाशी उपाय एकच: प्रमाणपत्राबरोबर दाखवता येईल असे स्वतःचे लेखन, अनुवाद, संपादनाचे नमुने तयार ठेवणे.

पदवीधरांची बेकारी हा काही केवळ समज नाही. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या पदवीधरांचा बेकारीचा दर १३.४ टक्के होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात तरुण पदवीधरांत तो २९.१ टक्के दिसतो, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत अवघा ३.४ टक्के. या आकड्यांवरून शिक्षणामुळे काम जाते असा अर्थ काढू नये. निरक्षर तरुण मिळेल ते काम पत्करतो. पदवीधर घरच्यांच्या आधारावर आपल्या शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो. पण ते थांबणेसुद्धा खर्चच आहे, आणि मघाच्या हिशेबात त्याचे महिने मिळवावे लागतात.

अमेरिकेत इंग्रजीच्या पदवीच्या मोलाचा हाच प्रश्न आकड्यांनी फार स्पष्ट झाला आहे. तिथे १९७०-७१ मध्ये इंग्रजीत सुमारे ६४ हजार जणांनी पदवी घेतली होती. २०२०-२१ मध्ये एकूण पदवीधर कितीतरी वाढूनही हा आकडा ३६ हजारांच्या आसपास आला. फीसाठी काढलेल्या मोठ्या कर्जामुळे विद्यार्थी सुरुवातीचा पगार पाहून विषय निवडू लागले. पण डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की संगणक आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांची आघाडी नोकरीच्या सुरुवातीला सर्वांत मोठी असते आणि पुढच्या वर्षांत कमी होत जाते, कारण त्यांनी शिकलेले तंत्र जुने होते. वाचणे, लिहिणे, मुद्दा मांडणे ही कौशल्ये तशी लवकर जुनी होत नाहीत. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने यातून एवढेच घ्यावे की पहिल्या पगारावरून सबंध आयुष्याची कमाई ठरवू नये. अमेरिकेतला कर्जाचा बोजा आपल्या अनुदानित महाविद्यालयांत नाही, ही इथली मोठीच जमेची बाजू आहे.

यंत्राने लिहिण्याचा प्रश्न मात्र नवा आणि खरा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर एका मोठ्या ऑनलाइन व्यासपीठावर लेखनाची सुटी कामे करणाऱ्यांचा अभ्यास झाला. थोड्याच महिन्यांत त्यांना मिळणारी कामे सुमारे २ टक्क्यांनी आणि कमाई सुमारे ५ टक्क्यांनी घटलेली दिसली. संकेतस्थळांसाठी ठोक भावाने लिहून देण्याच्या कामावर नवख्या पदवीधरांचा पहिला पगार उभा होता, तोच हलला आहे. यंत्राने लिहिलेल्यातली चूक पकडणे, न्यायालयात टिकेल असा अनुवाद करणे, वर्गात चाळीस मुलांना बोलते करणे या कामांना माणूस लागतोच, आणि त्यासाठी भाषा गाइडपुरती येऊन चालत नाही.

प्रवेश घेताना म्हणून तपासण्याच्या गोष्टी अगदी व्यावहारिक आहेत. महाविद्यालय अनुदानित आहे का? इंग्रजी विभागात कायम प्राध्यापक किती आहेत? जोडविषय म्हणून हिंदी, अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा संगणक यांतले काय घेता येते? लेखी काम तपासून परत मिळते का? नव्या शैक्षणिक धोरणात चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेतली तर पुढे एम.ए. एका वर्षात होते. ज्याला प्राध्यापक व्हायचे आहे त्याने हा मार्ग धरला तरी एकूण वर्षे पाचच राहतात, पण चौथ्या वर्षाअखेर हातात एक वरची पदवी असते. शिक्षक होण्याचे बारावीलाच नक्की झाले असेल तर बी.ए.-बी.एड. हा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सामायिक प्रवेश परीक्षा देऊन करता येतो. वेगवेगळे बी.ए. आणि बी.एड. करायला पाच वर्षे लागतात, आणि वाचलेले ते एक वर्ष थेट पगारी सेवेत मिळते.